फ्लॅश न मारता

४ जानेवारी

आजपासून फ्लॅश बंद. हे शाईच्या पेनाने लिहितो आहे, कारण माझे पेन्सिलीचे निश्चय टिकत नाहीत असा अनुभव आहे. शाईचेही टिकत नाहीत, पण निदान खाडाखोड दिसते.

झालं असं. परवा एका कचेरीत मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता. आज प्रिंट आले. साहेबांच्या टकलावर फ्लॅश असा पडला आहे की वर सूर्य उगवतोय आणि खाली साहेब मावळताहेत. प्रत्येकाच्या मागे भिंतीवर एकेक काळा जुळा भाऊ उभा. भाषण करणाऱ्या बाईंचे डोळे लालबुंद, जणू साहेबांच्या जाण्याने रात्रभर रडल्यात. प्रत्यक्षात त्यांच्याइतकं खूश तिथे कुणी नव्हतं.

ताईने काउंटरवर बसल्या बसल्या गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "तू माणसांचे फोटो काढतोस की पकडलेल्या चोरांचे?"

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. ती दुकानाच्या काउंटरवर बसली ती अजून उठलेली नाही. पाटीवर नाव माझं आहे, पण गिऱ्हाईक दारातून "ताई आहेत का?" असंच विचारत येतं. नाहीत म्हटलं तर परत जातं. तिने लग्न केलं नाही. तो विषय घरात कुणी काढत नाही, म्हणजे तो मिटलेला असणार.

कलर लॅबवाल्याला मी माझं दुःख सांगितलं. त्याला मी रसायन म्हणतो. बोटांना कायम औषधांचा वास आणि माणूसही अजबच: बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटा राहतो, बोलायला लागला की थेंब थेंब बोलतो. त्याने खिशातून एक रोळ काढून काउंटरवर ठेवला. आठशे स्पीडची कलर फिल्म. आपली रोजची शंभरची. आकडा जितका मोठा तितकी ती कमी उजेडात भागवते.

"कॅमेऱ्याचा डायल सोळाशेवर ठेवा," तो म्हणाला. "फिल्मला खोटं सांगायचं. धुताना मी जास्त वेळ ठेवीन, म्हणजे खोटं पचेल."

याला ते लोक पुश करणं म्हणतात. लॅबचं मशीन सगळ्यांच्या फिल्म एकाच तालात धुतं, त्यामुळे माझी फिल्म त्याला सगळं काम संपल्यावर वेगळी धुवावी लागणार. तरी तयार झाला. माझ्यात त्याला काहीतरी दिसलं असावं.

९ जानेवारी

पहिला रोळ. घरातच काढला, ट्यूबलाइटच्या उजेडात. सगळं कुटुंब हिरवं आलं. आई तर शेवाळ धरल्यासारखी. तिने फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि विचारलं, "मी आजारी आहे का? डॉक्टर काही बोललेत का तुला?"

शिवाय लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते, त्यामुळे नाक स्पष्ट आणि कान धूसर. बायकोचा कान धूसर आला तो तेवढा खरा आला, माझं काही ऐकू जात नाही त्याला.

रसायन निगेटिव्ह घेऊन स्वतः आला. लॅबमध्ये शिपाई आहे, पण हा स्वतः आला. मी आत एका बाळाचा फोटो काढण्यात अडकलो होतो. बाळाला हसवता हसवता माझा घसा बसला. बाहेर येऊन बघतो तो हा ताईला फिल्मचे दाणे समजावून सांगतोय. स्पीड वाढली की चित्रात दाणे दिसायला लागतात, वगैरे. आणि ताई ऐकतेय! इतक्या वर्षांत जिने फिल्मची चकचकीत बाजू कोणती हे कधी विचारलं नाही, ती म्हणतेय, "म्हणजे अंधारात बघायचं तर थोडा खरखरीतपणा चालवून घ्यायचा."

माझ्या प्रयोगाने घरादाराला वेड लावलं आहे.

१५ जानेवारी

घरातल्या ट्यूबलाइट काढून पिवळे बल्ब लावले. बायको म्हणते घर दवाखान्याच्या बोळासारखं दिसतंय. आता सगळे भगवे येतात. पण रसायन म्हणतो पिवळेपणा छापताना फिल्टर लावून काढता येतो, हिरवेपणा मात्र चिवट. ताई म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. फोटो येईना तर बल्ब बदल."

रसायन हल्ली रोज येतो. संध्याकाळी, चहाच्या वेळी. आधी मला वाटलं चहासाठी येतो, पण तो चहा तसाच गार करून ठेवतो. म्हणजे कलेसाठीच येतो.

एक गोष्ट मात्र खटकते. सगळं गाव हिला ताई म्हणतं. पोस्टमन, बँकेचा मॅनेजर, वयाने तिच्या बापासारखे असलेले निवृत्त मास्तर, सगळे. हा म्हणत नाही. "अहो, ऐकलं का," असं हवेत बोलतो किंवा नुसता खाकरतो. हा शिष्टपणा झाला. आज मी मोकळेपणाने म्हटलं, "अहो, ताई म्हणा की! संकोच कसला? तुम्ही घरचेच."

त्याला जोराचा ठसका लागला. ताई एकदम फ्रेमच्या काचा पुसायला आत निघून गेली. त्या काचा सकाळीच पुसल्या होत्या.

२२ जानेवारी

लेकीचा वाढदिवस. हीच परीक्षा. घरात पंधरा-वीस पोरं, फुगे, केक, पिवळे बल्ब आणि मी. रसायनला मुद्दाम बोलावलं, त्याने डोळ्यांनी बघावं म्हणून. उजेड इतका कमी की शटर एक पंधरांश सेकंदावर आणावं लागलं. एवढ्या वेळात पोर खोलीच्या या टोकाचं त्या टोकाला जातं. मी कपाटाला टेकून, श्वास धरून काढत राहिलो. एका पोराने मला विचारलं, "काका, तुम्हाला बाथरूमला जायचंय का?"

२५ जानेवारी

जमलं! एक फोटो असा आला आहे की मी स्वतःला अर्धा तास शाबासकी देत होतो. पोरं सगळी हलली आहेत. रंगांचे नुसते फराटे. बायको हातात ताट घेऊन धावते आहे, तिला तीन हात आले आहेत, आणि तिला खरोखर तेवढे लागतातच. आईचं डोकं हललं आहे, कारण ती कुणाला तरी नको म्हणत होती. या सगळ्या गोंधळात दोनच माणसं कोरल्यासारखी स्पष्ट: टेबलाच्या या बाजूला हातात सुरी धरलेली ताई आणि दाराशी उभा रसायन. दोघांनीही तसूभर हालचाल केलेली नाही. चेहऱ्यावर बल्बचा मऊ उजेड. केक कापायचा राहिला आहे याचंही भान नाही.

निष्कर्ष: एक पंधरांश सेकंदाला ही दोन माणसं उत्तम स्थिर राहतात. पुढच्या चाचण्यांना यांनाच उभं करावं.

रसायनला म्हटलं, मोठा करून द्या, शोकेसमध्ये लावतो. तो म्हणाला, "हा नको. दुसरा कुठलाही घ्या."

मी म्हटलं, "लाजता काय? तुमच्या कामाची जाहिरात!"

त्याने दिला नाही. मी दुसऱ्या लॅबमधून करून आणला. मोठ्या माणसांचा विनय असा बाजूला सारावा लागतो.

२७ जानेवारी

ताई आणि आई मावशीकडे गेल्या आहेत. हीच संधी साधून फोटो शोकेसमध्ये चढवला. माझ्या छातीएवढा. खाली पाटी: 'फ्लॅश नाही. दिखावा नाही. जसं आहे तसं.' शब्द माझेच.

२९ जानेवारी

तुफान प्रतिसाद! काचेसमोर माणसं थांबतात. एकमेकांना कोपरं मारून दाखवतात. शेजारचा शिंपी दोनदा येऊन गेला. त्याची बायको येऊन, तोंडावर पदर धरून, बघून गेली. निवृत्त मास्तर बराच वेळ चष्मा पुसत उभे होते, मग आत येऊन म्हणाले, "छान झालं हो. उशिरा का होईना."

मी म्हटलं, "हो ना, मास्तर. तंत्र आपल्याकडे उशिराच येतं."

त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. वय झालं आता त्यांचं.

बायको संध्याकाळी आली. फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, तो काढा आधी."

"का? दाणा जरा जास्त दिसतो, हे मला मान्य आहे."

"दाणा नाही हो. माणसं बघा."

"माणसं कडक आहेत."

ती तशीच पाठ फिरवून घरी गेली. तीन हातांचं तिला वाईट वाटलं असणार.

३० जानेवारी

ताई आणि आई परत आल्या. बसस्टॉपवरून घरी जाताना दुकान लागतंच. मी दारात हात मागे बांधून उभा, कौतुक घ्यायला.

आईने शोकेसकडे पाहिलं. मग ताईकडे. ताई आत आली, शोकेसचा मागचा पडदा सरकवला, फोटो काढला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग काउंटरवर बसून नेहमीसारखं एका गिऱ्हाइकाला विचारलं, "पासपोर्टचे का? किती प्रती?"

घरी आई म्हणाली, "गावभर झालं असेल. या वयात हे शोभतं का?"

मी म्हटलं, "आई, माझं वय काही फार नाही, नवीन तंत्र शिकायला हरकत काय आहे?"

आई म्हणाली, "देवा, याला जरा अक्कल दे, आता तरी."

रसायन आज आला नाही.

२ फेब्रुवारी

रसायन अजून आला नाही. शिपायाच्या हाती पाकीट पाठवतो. ताई त्याच्या पाकिटाला हातही लावत नाही, ते मीच उघडावं लागतं. मी बायकोकडे तक्रार केली की एवढं जमत आलेलं काम आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातंय.

बायकोने पातेलं खाली ठेवलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. अहो, त्यांचं एकमेकांवर मन बसलंय. ताईंचं आणि त्यांचं. वर्ष होऊन गेलं, ताई लॅबमध्ये रोळ द्यायला जातात तेव्हापासून. मला माहीत आहे, शिंप्याला माहीत आहे, पोस्टमनला माहीत आहे. ते लपूनछपून एक एक पाऊल टाकत होते आणि तुम्ही उचलून शोकेसमध्ये लावलंत."

मी म्हटलं, काहीतरीच. ताई? ताई कशी?

"का? ताई म्हणजे काय दुकानातलं कपाट आहे?"

जेवलो नाही. दुकानात जाऊन सगळे रोळ काढले, भिंग घेतलं आणि लाइटच्या पेटीवर एकेक निगेटिव्ह बघत बसलो. माझ्या चाचण्या. मी उजेड बघत होतो, दाणा बघत होतो, कान धूसर आला का ते बघत होतो. पहिला रोळ सोडला तर प्रत्येक रोळमध्ये कडेला कुठेतरी ताई आहे, आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा दिसतो आणि केस पांढरे. तरी कळतं ती कुणाकडे बघते आहे ते. शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही आणि मी पोटासाठी बघण्याचं काम करतो.

खरं सांगायचं तर आधी मला तिच्यासाठी आनंद वाटला नाही. आधी वाटलं, आता काउंटरवर कोण बसणार?

३ फेब्रुवारी

लॅबमध्ये गेलो. घरातला कर्ता पुरुष म्हणून दोन शब्द सुनावायचे असं ठरवून गेलो होतो. रसायन खोक्यांना दोरी बांधत होता. कंपनीने दुसऱ्या गावी नवी लॅब काढली आहे, त्याला तिकडे पाठवताहेत. मार्चअखेर जायचं.

मी म्हटलं, "तुमचा विचार काय आहे?"

तो म्हणाला, "माझा विचार मी गेल्या वर्षीच सांगितला."

"कुणाला?"

"त्यांना."

"मग?"

त्याने दोरीची गाठ घट्ट केली. "त्या म्हणाल्या, भावाचं दुकान आहे. तो अजून लहान आहे."

मी सदतीस वर्षांचा आहे. मला चाळिशीचा चष्मा आत्ताच लागतोय. सुनावायचे ते दोन शब्द मी परत खिशात घातले. शेवटी विचारलं, "तिकडे उजेड कसा आहे?"

तो म्हणाला, "दोन खोल्या आहेत. पूर्वेला खिडकी."

४ फेब्रुवारी

ताईला म्हटलं, "तू जा. दुकान मी बघतो."

ती हसलीसुद्धा नाही. "कुठे जा? काही नाही तसलं. आई काय म्हणेल? लोक काय म्हणतील? आणि तू काय बघणार दुकान? फ्रेमचे खिळे कुठल्या डब्यात आहेत, सांग."

मला माहीत नव्हतं.

"चाचणी घे," मी म्हटलं. "उद्या तू घरी बस. मी एकटा."

५ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो. एका आजोबांना त्यांच्या पाकिटाऐवजी कुणाच्या तरी हनिमूनचं पाकीट दिलं. आजोबा ते बाकावर बसून शांतपणे संपूर्ण बघून मग परत आले आणि म्हणाले, "यात मी नाही." एका बाईंना मी त्यांच्या मुलीची आई समजायच्या ऐवजी आजी समजलो. त्या गेल्या. परत येणार नाहीत. खिळे सापडले नाहीत. कात्री सापडली, ती माझ्याच हातात होती. दुपारपर्यंत सात जणांनी विचारलं, "ताई कुठायत?" आठव्याला मी म्हटलं, "ताई मेल्या नाहीत, घरी आहेत!" त्यावर तो दचकून उभाच राहिला.

संध्याकाळी ताई दारात. आतली लढाई पाहिली. जमिनीवर फ्रेमा, टेबलावर चहा सांडलेला, मी स्टुलावर खिळे शोधत चढलेलो. मी म्हटलं, "जमतंय. हळूहळू जमतंय."

ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. मी स्टुलावरून उतरलो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा तर कसा ठेवतात तेही मला नीट आठवेना. म्हटलं, "ताई, मी लहान नाही गं आता. मठ्ठ आहे, पण लहान नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मलाच भीती वाटते रे. काउंटरच्या पलीकडे कधी गेलेच नाही मी."

८ फेब्रुवारी

सकाळी दुकानात आलो तर शटर आधीच वर. शोकेसमध्ये तो फोटो पुन्हा लावलेला. ताई बाहेर रस्त्यावर उभी राहून ओल्या फडक्याने काच पुसत होती. माझी ती 'जसं आहे तसं'वाली पाटी तिने काढून टाकली होती. म्हणाली, शब्द फार होतात.

मी म्हटलं, "लोक बघताहेत."

"बघू देत. इतकी वर्षं सगळ्यांचे फोटो मी पाकिटात घालून दिले. एक माझा बघितला तर काय बिघडतं?"

शिंप्याची बायको समोरून आली. ताईने तिला हाक मारून विचारलं, "वहिनी, काच नीट पुसली गेली का हो? कोपऱ्यात डाग राहिला का?" त्या बिचारीला खरंच जवळ येऊन कोपरा बघावा लागला.

दहा-साडेदहाला आई आली. मी आडवा आलो, पण तिने मला बाजूला केलं आणि काचेसमोर जाऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ही अशी बघते? मी आई असून मला ठाऊक नाही." आणि थोड्या वेळाने, नाक पुसत, "तो जरा वाळकाच आहे. खातबीत नाही का काही?"

ताईने फडकं पिळलं, ते काउंटरवर वाळत टाकलं आणि म्हणाली, "मी लॅबमध्ये जाऊन येते." पाकीट नाही, रोळ नाही, हात रिकामे. पहिल्यांदाच असं गेली.

२६ मार्च

लग्न झालं. नोंदणीच्या कचेरीत, पंख्याखाली, सह्या करून. अधिकाऱ्याने वधूचं वय वाचलं, चष्म्यावरून पाहिलं, मग वराचं वाचलं आणि काही न बोलता शिक्का मारला. शहाणा माणूस.

ट्यूबलाइट होती, म्हणजे सगळे हिरवे येणार. रसायनने बदलीच्या गडबडीतही आधीच बजावलं होतं, "लेन्सवर जांभळट फिल्टर लावा, थोडं निभावेल." नवरदेवाने फोटोग्राफरला सूचना द्यायची ही पहिलीच वेळ असावी. लावला. पण फिल्टरमुळे उजेड अजून कमी झाला, शटर अजून हळू करावं लागलं. सही करताना ताई थांबली, पेन धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "अहो, ऐकलं का, इथे करायची." सगळी कचेरी हसली.

मी त्या वेळी रडत होतो. कॅमेऱ्यामागे रडायची सोय असते, तेवढा एक फायदा. पण हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच नाकारीन.

बसमध्ये बसताना ताईने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर टपली मारली. "खिळे वरच्या फळीवर, बिस्किटाच्या डब्यात." बस हलली. आई म्हणाली, "चल, दुकान उघडायचंय ना?"

२ एप्रिल

रोळ पाठवला होता तो धुऊन आला. तिकडून, रसायनने स्वतः पुश करून. सगळे फोटो हललेले आहेत. खुर्च्या स्पष्ट आहेत, टेबल स्पष्ट, माणसं मात्र कुणीच स्पष्ट नाही. पाकिटात चिठ्ठी, ताईच्या अक्षरात: 'एकही धड नाही. सगळे ठेवणार आहोत.'

४ एप्रिल

आज पहिल्यांदा पूर्ण दिवस एकटा. खिळे सापडले. कात्री दोनदाच हरवली. हनिमूनवाल्यांना त्यांचंच पाकीट दिलं.

दुपारी एकजण पासपोर्टच्या फोटोला आला; ते काळे-पांढरे मी आतल्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच धुतो. कोट घातलेला, भांग ओला. खुर्चीत बसल्या बसल्या इकडे तिकडे बघत म्हणाला, "ताई दिसत नाहीत? आजारी आहेत का?"

मी म्हटलं, "नाही. सासरी गेली."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल उच्चारला. गोड लागला. वाटलं पुन्हा म्हणावा.

त्याने भुवया चढवल्या आणि ओठांचा एक कोपरा वाकडा केला. "सासरी? या वयात?"

कोपऱ्यात फ्लॅश होता. धूळ झटकली, प्लग लावला, पूर्ण ताकदीवर नेला आणि त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर मारला. डोळे मिटलेले आले, तोंड उघडं, कपाळ पांढरंफटक.

आठ प्रती काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या आणि तशाच दिल्या.